रांगेच्या तोंडाशी एक पाटी हवी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

थीम पार्कमध्ये जादा पैसे भरून रांग टाळण्याच्या पासचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ज्याची ऐपत आहे त्याने पैसे मोजले तर बिघडले कुठे? दुसरा म्हणतो, तिकीट सगळ्यांनीच काढले आहे, मग हे पुढे का? वाद तावातावाने होतो, पण राईडच्या फलाटावर नेमके काय चालते याचा हिशेब दोघांकडेही नसतो. न्याय-अन्यायाचा प्रश्न आहेच. त्याआधी हा सरळ गुणाकार-भागाकाराचा प्रश्न आहे, आणि त्यातले आकडे पार्ककडे असतात, रांगेतल्या माणसाकडे नसतात. ते आकडे रांगेच्या तोंडाशी लावावेत, एवढ्या एका मागणीसाठी हे पत्र.

मध्यम आकाराचा एक रोलर कोस्टर घेऊ. गाडीत २४ जागा. फलाट सोडल्यापासून पुन्हा फलाटाला लागेपर्यंत १२० सेकंद. फलाटावर उतरणे, चढणे, लॅप बार (मांडीवर येऊन माणसाला धरून ठेवणारा दांडा) खाली घेणे आणि तो तपासणे याला ६० सेकंद. रुळावर एकच गाडी असेल तर एक फेरी १८० सेकंदांची, म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४८० माणसे. दोन गाड्या लावल्या की दर ९० सेकंदांनी एक सुटते. ४० फेऱ्या, ९६० माणसे. तिसरी लावली की १४४० होतील असे वाटते, पण तसे होत नाही. रुळाचे टप्पे पाडलेले असतात आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असते. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून केलेली ही सोय. फलाट हाही एक टप्पाच. पुढची गाडी निघून मागची आत येऊन थांबायला १५ सेकंद धरले, तर दोन गाड्या सुटण्यातले अंतर ७५ सेकंदांखाली जात नाही. ४८ फेऱ्या, ११५२ माणसे. दुसऱ्या गाडीने ४८० वाढली, तिसरीने फक्त १९२. पार्कच्या व्यवस्थापकाला तिसरी गाडी काढायचा कंटाळा का येतो, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. तिच्या देखभालीचा, रोजच्या तपासणीचा आणि जादा माणसांचा खर्च मात्र पहिल्या गाडीइतकाच.

पुढच्या सगळ्या हिशेबात आपण दोन गाड्या आणि तासाला ९६० माणसे धरू.

हा आकडा कागदावरचा. प्रत्यक्षात तो गळतो, आणि गळतो तो फलाटावर. कोणी कंबरेची पिशवी काढायला विसरलेला असतो. कोणी चप्पल पायात ठेवायची की काढायची हे बसल्यावर विचारतो. चार जणांच्या ओळीत तिघांचे कुटुंब बसते आणि एक जागा रिकामी जाते. लॅप बार एका पोटाशी अडतो, दोनदा उघडून पुन्हा बसवावा लागतो. एका माणसासाठी बार सोडायचा तर काही राईडवर अख्ख्या ओळीचे सुटतात आणि ते सगळे पुन्हा तपासावे लागतात. दोन्ही बाजूंच्या कर्मचाऱ्यांनी अंगठा वर केल्याशिवाय गाडी सोडण्याचे बटण दाबायचे नसते, आणि ते बरोबरच आहे. पण अशाने दोन गाड्या सुटण्यातले अंतर सरासरी १५ सेकंदांनी वाढले, तर ९० चे १०५ होतात. तासाला ४० ऐवजी ३४ गाड्या सुटतात. ९६० ची ८१६ माणसे झाली. १४४ जागा कोणाच्याही नकळत हवेत विरल्या. रांगेतून पाहिले तर काहीच बिघडलेले दिसत नाही, राईड चालूच असते. फक्त मागची गाडी फलाटाबाहेर ब्रेकवर ताटकळत उभी राहते आणि तिच्यात बसलेले लोक पाय हलवत वाट पाहतात. रांगेत असताना हे दृश्य दर फेरीला दिसू लागले तर समजावे की अडचण गर्दीची कमी आणि फलाटाची जास्त आहे.

आता पास. पासने एकही जागा वाढत नाही. ९६० च्या ९६० राहतात, त्या कोणाला द्यायच्या एवढेच ठरते. सगळ्यांची सरासरी काढली तर प्रतीक्षाही बदलत नाही, फक्त तिची वाटणी बदलते. इथवर बहुतेकांना समजते. पुढचे सहसा लक्षात घेतले जात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

साध्या रांगेत तुम्ही उभे राहिलात की तुमच्या नशिबाचा निकाल लागलेला असतो. पुढे ४०० माणसे, तासाला ९६० चा वेग, २५ मिनिटे. तुमच्या मागे आणखी हजार लोक आले तरी तुमची २५ मिनिटे २५ च राहतात. पासची रांग शेजारी जोडली की हे मोडते. आता तुमच्यानंतर येणारा तुमची प्रतीक्षा वाढवू शकतो. तुम्ही रांगेत शिरलात तेव्हा जो अजून पार्कच्या फाटकातही आलेला नव्हता, तोही वाढवू शकतो. म्हणून फलकावर ३५ मिनिटे वाचून आत गेलेला माणूस तासाभराने बाहेर येतो आणि म्हणतो, हे लोक खोटे लिहितात. खोटे लिहिलेले असेलच असे नाही. फलकावरचा आकडा बहुधा मागच्या अर्ध्या तासाच्या वेगावरून आलेला असतो. पुढच्या अर्ध्या तासात किती पासवाले येणार हे त्यात धरलेले नसते.

दोन रांगा एकत्र येतात त्या जागी दोन मिनिटे थांबून पाहावे. एक कर्मचारी, हातात स्कॅनर, कधी मोजणीचे टिकटिक यंत्र, आणि एक साखळी. पासच्या बाजूने आठ सोडले की साध्या बाजूने दोन, किंवा सातास तीन. गर्दीच्या राईडवर असे प्रमाण नवलाचे नाही. हे प्रमाण वरून ठरवून दिलेले असते, आणि बरेचदा त्यापेक्षाही सोपा एक नियम पाळला जातो: पासची रांग अमुक खांबाच्या मागे जाऊ द्यायची नाही. म्हणजे पासची रांग त्या खांबापर्यंत पोचली की साखळी साध्या रांगेपुढे पडते आणि तिथे पाच-सात मिनिटे कोणी हलत नाही. साखळी धरणारा बहुधा विशीतला, हंगामापुरता लागलेला मुलगा असतो. लोक त्याच्यावर ओरडतात. प्रमाण त्याने ठरवलेले नसते आणि बदलायचा अधिकारही त्याला नसतो.

आता आकडे घालून पाहू. पार्कमध्ये अशा आठ मोठ्या राईड आहेत आणि पार्क दहा तास उघडे आहे असे धरा. प्रत्येक राईडवर तासाला ३०० जागा पासवाल्यांना द्यायच्या ठरल्या, तर दिवसाच्या एकूण २४,००० जागा होतात. एका पासवर माणूस सरासरी आठ राईड करतो असे धरले तर दिवसाला ३००० पास विकता येतात. साध्या रांगेला तासाला ६६० जागा उरतात आणि पुढे ४०० माणसे असतील तर ३६ मिनिटे लागतात. सुसह्य आहे. सुट्टीचा दिवस आला, मागणी वाढली आणि पार्कने ५००० पास विकले, तर ४०,००० जागा लागतात, म्हणजे प्रत्येक राईडवर तासाला ५००. साध्या रांगेला ४६० उरल्या. त्याच ४०० माणसांना आता ५२ मिनिटे. आणि त्याच दिवशी, गर्दीमुळेच, दोन गाड्या सुटण्यातले अंतर त्या १५ सेकंदांनी वाढले तर? एकूण ८१६. पासवाल्यांचे ५०० तसेच राहतात, कारण ते विकलेले आहेत, त्यांचे पैसे घेतलेले आहेत. साध्या रांगेला ३१६. चारशे माणसांना ७६ मिनिटे.

राईडचा वेग कमी झाला १५ टक्क्यांनी. साध्या रांगेचा वेग कमी झाला ३१ टक्क्यांनी. फलाटावरची प्रत्येक ढिलाई, प्रत्येक बिघाड, पावसाची प्रत्येक सर पूर्णपणे साध्या रांगेच्या खात्यात जाते. पास म्हणजे नुसते पुढे जाणे नाही, तोटा दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याचा करारही आहे, आणि ज्याच्या अंगावर टाकला त्याची त्या करारावर सही नाही. पासला विरोध करणाऱ्यांनी 'श्रीमंत-गरीब' एवढेच म्हणून थांबू नये, हा मुद्दा जास्त धारदार आहे.

बिघाडाचे उदाहरण तर डोळ्यांसमोर उभे राहते. राईड ४० मिनिटे बंद पडली. सेन्सरने गाडी अडवली, तंत्रज्ञ आले, रिकाम्या गाड्या फिरवून पाहिल्या, मग सुरू झाली. नेहमीची गोष्ट. तासाला ५०० च्या हिशेबाने या ४० मिनिटांत ३३३ पासवाल्यांची वेळ होऊन गेली. पार्क त्यांना 'आता केव्हाही या' अशी सवलत देते. देणे भागच आहे. राईड सुरू झाल्याचे मोबाईलवर दिसताच ते येतात. पहिल्या अर्ध्या तासात राईड ४८० माणसे नेऊ शकते, आणि पासच्या तोंडाशी जुने ३३३ आणि नवे २५० मिळून ५८३ उभे असतात. म्हणजे फक्त पासवालेच घेतले तरी पुरे पडत नाही. आठास दोनचे प्रमाण पाळले तर त्या अर्ध्या तासात साध्या रांगेतून ९६ जण आत जातात. यावरून एक व्यावहारिक सल्ला: बिघाडात साधी रांग पूर्ण रिकामी केली असेल, तर राईड सुरू होताच पहिल्या पाच मिनिटांत आत शिरावे, तेव्हा पासवाले अजून वाटेत असतात. रांग आतच थांबवून ठेवली असेल तर पुढचा तासभर त्या राईडकडे फिरकू नये.

हे पास कसे वाढत गेले तेही थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण बरेच लोक मोफत पास आणि विकतचा पास यांत गल्लत करतात. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये १९९९ मध्ये फास्टपास आला तो मोफत होता. यंत्रात प्रवेशतिकीट घालायचे, कागदाची चिठ्ठी यायची, तिच्यावर परत येण्याची तासाभराची वेळ छापलेली असायची. पुढे तिथेच मनगटी पट्टा आणि मोबाईलवरून आगाऊ नोंदणी आली. कोविडच्या बंदनंतर ती व्यवस्था परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून जिनी प्लस नावाने दिवसाला १५ डॉलरचा विकतचा पास सुरू झाला, सर्वांत मागणीच्या राईडचे पैसे वेगळे. वर्षभरात किंमत तारखेप्रमाणे बदलू लागली. जुलै २०२४ मध्ये त्याचे नाव लाइटनिंग लेन मल्टी पास झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर प्रीमियर पास आला: वेळ ठरवायची गरज नाही, प्रत्येक राईडवर एकदा केव्हाही जा, तेव्हा दिवसाला १२९ ते ४४९ डॉलर. टोकियो डिस्ने रिसॉर्टने २०२२ मध्ये राईडगणिक पैसे घेणारा प्रीमियर अॅक्सेस आणला, पण २०२३ मध्ये काही राईडसाठी मोफत प्रायॉरिटी पासही ठेवला. ऑर्लॅंडोमधल्या युनिव्हर्सल पार्कच्या एक्सप्रेस पासला परतीची वेळ नसते, आणि तिथल्या त्यांच्या काही महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना तो खोलीच्या भाड्यातच मिळतो. सिक्स फ्लॅग्ज या अमेरिकी कंपनीच्या पार्कमध्ये क्यू-बॉट नावाचे हातात मावणारे यंत्र मिळायचे. त्यातला मूळ प्रकार सगळ्यांत प्रामाणिक म्हणावा लागेल: रांग ४५ मिनिटांची असेल तर तुम्हीही ४५ मिनिटे थांबा, फक्त उभे राहू नका, कुठेतरी बसा. जादा पैसे दिले तर थांबणेही कमी, हे वरचे दर्जे.

मोफत पासची आठवण काढून उसासे टाकणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगणे भाग आहे. मोफत पासही साध्या रांगेला जड जातच होता, बहुधा जास्तच, कारण तो जवळजवळ सगळ्यांच्या हाती असायचा. आणि त्यात आणखी एक गंमत होती. रांगेत उभा असलेला माणूस एका वेळी एकाच रांगेत असतो. खिशात पास असलेला माणूस नावाने एका रांगेत आणि पायांनी दुसऱ्या रांगेत असतो. दहा हजार लोकांनी असे केले की पार्कमध्ये दहा हजार माणसे वाढल्यासारखे होते. जिथे सतत सरकत्या पट्ट्यावरून चढायचे असते आणि तासाला दोन हजारांच्या वर माणसे जातात, तिथे पूर्वी सहसा फारशी रांग लागत नसे. पासची दुसरी वाट जोडल्यावर तिथेही साधी रांग उभी राहिली.

त्यावर तोडगा म्हणून आलेली 'आभासी रांग' हीही जादू नव्हे. डिसेंबर २०१९ मध्ये डिस्नेच्या हॉलिवूड स्टुडिओजमध्ये राइज ऑफ द रेझिस्टन्स ही राईड सुरू झाली तेव्हा उभी रांगच ठेवली नव्हती. मोबाईलवर गट क्रमांक मिळवायचा. दिवसाचे क्रमांक बरेचदा काही मिनिटांतच संपायचे. ज्याचे बोट हळू किंवा नेटवर्क मंद, त्याला तिकीट काढून आत आल्यावरही ती राईड नाही. उभ्या रांगेत निदान चिकाटीला फळ होते. शिवाय रांग ही गर्दी साठवण्याची जागा असते, हे विसरले जाते. नागमोडी कठड्यांत ६०० माणसे छपराखाली, पंख्याखाली मावतात. त्यांना 'मोकळे फिरा' म्हणून बाहेर काढले की तीच ६०० माणसे रस्त्यावर, बाकांवर आणि दुसऱ्या राईडच्या रांगेत दिसतात. आभासी रांग चालते ती लहान पार्कमध्ये, एखाद-दोन राईडसाठी, आणि बाहेर बसायला पुरेशी सावली असेल तरच.

अपंगांसाठीच्या सोयीची गल्लत या पासशी करू नये. ज्याला उभ्या रांगेत थांबणे शक्यच नाही त्याला रांगेइतकीच वाट बाहेर पाहू देणे, हा सोयीचा गाभा. पूर्वी डिस्नेमध्ये कार्ड दाखवून बरेचदा थेट आत जाता येई. गैरवापराच्या बातम्या आल्यावर २०१३ मध्ये परतीची वेळ देण्याची पद्धत आली, आणि २०२४ मध्ये पात्रता ऑटिझम व तत्सम विकासात्मक अपंगत्वापुरती आणली गेली. ज्यांना खरी गरज आहे पण ज्यांची अडचण त्या व्याख्येत बसत नाही, अशा लोकांची यात फरफट झाली. गैरवापर थोड्यांनी केला आणि पडताळणीचा जाच सगळ्यांच्या वाट्याला आला.

पास घ्यावा की नाही, हे ज्याने-त्याने ठरवावे. पण ठरवण्याची रीत सांगता येते. पासच्या रांगेतही दहा-पंधरा मिनिटे जातातच, ती आधी वजा करावीत. साधी रांग १५ मिनिटांची असेल तर पासने फार तर पाच मिनिटे वाचतात. ४५ ची असेल तर तीस-पस्तीस. म्हणून सकाळी फाटकाबाहेर पास घेण्याची घाई करू नये. फाटक उघडल्यापासून पहिल्या तासात रांगा सर्वांत आखूड असतात. त्या तासात ज्या राईडची क्षमता सर्वांत कमी, ती आधी करावी. कमी क्षमता ओळखणे सोपे आहे: छोट्या गाड्या, एका वेळी चार-सहा माणसे, आणि प्रत्येकाला खांद्यावरून येणारा भक्कम बार. मोठ्या बोटीच्या किंवा सरकत्या पट्ट्याच्या राईड दुपारसाठी ठेवाव्यात, तिथे रांग लांब दिसली तरी भरभर सरकते. परतीची वेळ देणारा पास असेल तर मागणीच्या राईडच्या वेळा दुपारपर्यंत संध्याकाळवर जातात, त्यामुळे असा पास दुपारी दोनला विकत घेणे म्हणजे उरलेसुरले घेणे.

पैसे न मोजता मिळणाऱ्या दोन सोयी तर अनेकांना माहीतच नसतात. एकट्याची रांग असेल तर ती घ्यावी. तिघांच्या कुटुंबाशेजारी रिकामी राहिलेली चौथी जागा भरण्यासाठीच ती असते. ही एकच रांग अशी की जिच्यामुळे राईडची भरलेली आसने खरोखर वाढतात. वेगवेगळे बसायची तयारी मात्र हवी, आणि राईडच्या सगळ्या ओळी दोनच जागांच्या असतील व लोक जोडीजोडीनेच येत असतील तर ती रांग सरकत नाही. दुसरी सोय आलटून-पालटून बसण्याची. मूल उंचीत बसत नसेल तर आई रांगेतून जाते, बाबा मुलाजवळ थांबतात, आणि आई आल्यावर बाबा पुन्हा रांग न लावता जातात. हे रांगेत शिरण्यापूर्वी राईडच्या दाराशी सांगावे लागते. आणि उंचीची पट्टीही तिथेच लावून घ्यावी. तासभर उभे राहून फलाटाशी पोचल्यावर दोन सेंटीमीटरसाठी मूल परत फिरते तेव्हा कर्मचाऱ्याने अपवाद करावा असे सगळ्यांना वाटते. पण लॅप बार कोणत्या उंचीच्या शरीराला धरतो हे बनवणाऱ्याने ठरवलेले असते, तिथे घासाघीस नाही.

फलकावर विश्वास नसेल तर स्वतः मोजता येते. बाहेरून पाच मिनिटांत किती गाड्या सुटल्या ते मोजा, बाराने गुणा, गाडीतल्या जागांनी गुणा. नागमोडी रांगेतली एक ओळ मोजा, समजा ३० माणसे, आणि अशा ओळी किती ते पाहा. १४ असतील तर ४२० माणसे. मग एकत्र येण्याच्या जागेवर साध्या रांगेतून किती आणि पासमधून किती सुटतात ते दोन गाड्यांपुरते पाहा. त्यावरून एकूण वेगातला साध्या रांगेचा वाटा कळतो. रांगेतली माणसे भागिले साध्या रांगेचा तासाचा वेग, हीच तासांतली प्रतीक्षा. हेच गणित जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ मध्ये सिद्ध केले आणि ते बँकेच्या खिडकीपासून संगणकाच्या जाळ्यापर्यंत सगळीकडे चालते. पार्कही अधूनमधून मोजतात: दाराशी एखाद्याच्या हातात कार्ड देतात, फलाटाशी ते परत घेतात, मधली वेळ नोंदवतात. असे कार्ड हाती आले तर खिशात घालून दुसरीकडे जाऊ नये, पुढच्या सगळ्यांचा फलक बिघडतो.

आता मूळ मागणी. पास विकणाऱ्या पार्कला साधी रांग आखूड करण्यात रस उरत नाही, असा आरोप होतो. आरोप करण्याची गरज नाही, हिशेब मांडला तरी पुरे. तिसरी गाडी काढली तर खर्च वाढतो आणि साधी रांग आखूड होऊन पासची विक्री घटते. न काढली तर खर्च वाचतो आणि विक्री वाढते. व्यवस्थापक कितीही सज्जन असला तरी दोन्ही बाणांची टोके एकाच दिशेला आहेत. ज्या धंद्यात गैरसोयीतून उत्पन्न निघते तिथे गैरसोयीचे आकडे झाकलेले असू नयेत.

म्हणून प्रत्येक मोठ्या राईडच्या रांगेच्या तोंडाशी, प्रतीक्षेच्या मिनिटांखाली, तीन ओळी लिहाव्यात. आत्ता किती गाड्या चालू आहेत आणि एकूण किती आहेत. मागच्या तासात किती माणसांनी राईड घेतली. त्यांपैकी किती पासच्या रांगेतून गेली. आणि पासच्या खिडकीवर चौथी: आजच्या पासची कमाल संख्या आणि त्यांपैकी विकले गेलेले. एवढे कळले की रांगेत शिरायचे, पास घ्यायचा की आधी जेवून यायचे हे प्रत्येक जण स्वतः ठरवील, आणि साखळी धरणाऱ्या पोरावर कोणी ओरडणार नाही. त्याचबरोबर पासच्या जागांना गाडीगणिक वरची मर्यादा असावी, तासागणिक ठरीव आकडा नसावा. गाडीच्या २४ जागांपैकी १२ पासच्या, असे ठरले तर वेग मंदावल्यावर दोन्ही रांगा सारख्याच मंदावतील.

हे आकडे नव्याने गोळा करावे लागतील, त्यासाठी यंत्रणा लागेल, असे उत्तर येण्याचा संभव आहे. गाडी सोडण्याचे बटण दाबले की नियंत्रण-यंत्रणा फेरी मोजते, पासचा स्कॅनर प्रत्येक पास नोंदवतो, आणि फलाटावरचा प्रमुख तासातासाला किती माणसे गेली ते वहीत लिहितो. ती वही रोज रात्री कचेरीत जमा होते. तिच्यातली एक ओळ दर तासाला बाहेरच्या पाटीवर खडूने लिहिली तरी चालेल.

आपला,
राईड-संचालनाच्या कामातील एक वाचक